आवाज बसला का?

दौंडचा रेडिओचा मनोरा इतकी वर्षं मीच चालवला. म्हंजी मनोऱ्यापर्यंत भाड्याची जीप चालवली. आतल्या मशीनला मला कुणी हात लावू दिला न्हाई, आन् जीप बी आप्पांनी ढकलल्याबिगर चालू व्हायची न्हाई.

आप्पा गेल्याचा निरोप आला तवा मी त्याच जीपखाली उताणा पडलो हुतो. "आरं, आप्पा गेले," कुणीतरी म्हणलं. मी खालनंच वरडलो, "मला सोडून कसं गेले? जीप तर हितं हाय!" ...मला सगळंच उशिरा कळतं.

आप्पा त्या मशीनवरचे साहेब. राहायला शिरूरला, मशीन दौंडला. दिस मावळला की रेडिओचा आवाज लई लांब पळतो, दुसऱ्या स्टेशनांच्या अंगावर जातो. म्हणून तिन्हीसांजंला पावर उतरवायची, असा नेम. त्यापायी आप्पांची एक संध्याकाळ घरी गेली न्हाई. मग शिरूरच्या ऑफिसात रिमोटची पेटी आली. बटन हितं दाबायचं, टेलिफोनच्या तारंतनं हुकूम दौंडला. मी म्हणलं, "आप्पा, माझी भाकरी गेली!" आप्पा हसले, "आन् मला घरची गरम मिळंल."

कसली गरम... पेटीवर हिरवा दिवा तेवढा लागायचा. हुकूम गेला, एवढंच दिवा सांगणार. मशीननं ऐकला का न्हाई, त्याला काय ठावं? म्हणून बटन दाबलं की आप्पा घरी बायकोला फोन लावायचे. पावर उतरली की शिरूरात आवाज बसतो, खरखरतो. "आवाज बसला का गं?" तिकडनं काकू, "न्हाई ओ, खणखणीत हाय." रेडिओ खणखणीत लागला म्हणून कपाळाला हात लावणारं शिरूरात हे एकच घर! कवा तार तुटल्याली, कवा उंदरानं खाल्ल्याली. आप्पा तक्रार करायचे, वरनं उत्तर यायचं, "बघतो." ते काय बघत हुते, देव जाणे. मग आप्पा मला म्हणायचे, "चल रं, काढ जीप. दौंडला जाऊन हातानं उतरवू."

आप्पांच्या लेकीला बघायला पाव्हणं आलं त्या दिवशी बी तेच. मी घरात पोह्याच्या बश्या फिरवत हुतो, फोन वाजला. मी काकूंच्या कानाशी लागलो, "आज म्हणा की बसला! एक दिस पावर न्हाई उतरली तर काय आभाळ कोसळतंय?" काकूंनी पाव्हण्यांकडं बघितलं, रेडिओकडं बघितलं. "खणखणीत हाय. जावा तुम्ही." फोन ठेवून मला म्हणल्या, "खोटं बोलून घरी बसवलं, तर घास गिळंल का त्यांना?" आम्ही माघारी आलो तवा कपबश्या धुऊन पालथ्या घातल्याल्या. सोयरीक जमली, पर आप्पांनी जावई पहिल्यांदा बघितला तो हळदीला.

यंदा कुठं नवी पेटी आली, नवी तार आली. फोनावर काकू "बसला" म्हणल्या, आन् आप्पा पिशवी हालवत, चालत घरी गेले. मी जीप घिऊन मागं मागं, येड्यावानी. पर अशा संध्याकाळी मिळाल्या किती? रिटायर व्हायच्या आधीच छातीत कळ आली... राग येतो हो. काढू कुणावर? तारंवर?

परवा आप्पांच्या घरी गेलतो. ओट्यावर रेडिओ चालू. दिस मावळला, आन् आवाज बसला, खरखर सुटली. काकूंचा हात आपसूक फोनाकडं गेला... फोन काय वाजला न्हाई, हात तिथंच राहिला. मला ते बघवंना. उठलो आन् रेडिओला दोन थापडा हाणल्या, "आज बी बिघडायचा हुता का रं तुला?"

"ठेव खाली," काकू म्हणल्या. "त्यो बिघडला न्हाई. पावर वेळेवर उतरलीया. इतकी वर्षं त्यांच्या शेजारी बसलास, स्टेरिंगबिगर काय शिकलास रं?"