मेलेल्या गुरांचं ज्ञान

“मेलेल्या गुरांचं ज्ञान घरी ठेव. इथं आपण जिवंत गाईंचं शिकतोय.”

सर हे म्हणाले तेव्हा माझा हात गाईच्या पाठीवर होता. उलव्याच्या पलीकडच्या एका गावातला गोठा. आम्ही दहा जण, सगळे पशुवैद्यकीच्या शेवटच्या वर्षाचे, गमबूट घालून गाईभोवती उभे. सरांचं वाक्य संपलं आणि पोरं हसली. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मी हात काढून घेतला. तो कुठं ठेवावा हे मला कळेना, म्हणून ॲप्रनच्या खिशात घातला.

मी काय बोलले होते? गाय आठवडाभर नीट खात नव्हती. दूध निम्म्यावर आलं होतं. सरांनी तपासून सांगितलं, खुराक बदललाय, अपचन आहे. तशी लक्षणं अपचनातही दिसतात, सर अगदीच काही भलतं बोलत नव्हते. पण ती गाय उभी कशी आहे ते मला दिसत होतं. पुढच्या पायांची कोपरं बाहेर काढलेली. पाठीला बाक आलेला. उतारावरून खाली आणताना ती मधेच थांबून कण्हली होती. मी तिच्या पाठीवर चिमटा घेतला. बरी गाय चिमट्यासरशी पाठ खाली दाबते. हिनं दाबली नाही.

मी म्हणाले, “सर, हिच्या पोटात तार असेल. माझे बाबा मेलेली गुरं सोलायचे तेव्हा जाळीच्या पोटात खिळे, तारा सापडायच्या. ते सांगतात, अशा गाई मरायच्या आधी अशाच उभ्या राहायच्या.”

मूर्ख मी. पुस्तकाचं नाव घ्यायला हवं होतं. पुस्तकात हेच लिहिलंय, मला ते पान पाठ होतं. पण त्या वेळी पुस्तक आठवलं नाही, बाबा आठवले. आणि मला त्यात लपवण्यासारखं काही वाटलं नाही. कारण पाचच मिनिटांपूर्वी आमच्या वर्गातला निनाद म्हणाला होता, “सर, माझे पप्पा अशा केसमध्ये आधी कॅल्शियम देतात.” निनादचे वडील जनावरांचे मोठे डॉक्टर. सर खूश झाले. म्हणाले, “अनुभवाला तोड नसते, मुलांनो.”

त्याच्या बापाचा तो अनुभव. माझ्या बापाचं हे मेलेल्या गुरांचं ज्ञान.

माझे आजोबा गावाची मेलेली ढोरं ओढायचे. कुणाचा बैल मेला की निरोप यायचा, दारात कुणी यायचं नाही, लांबून हाक मारायचे. बाबा वीस वर्षांचे होईपर्यंत आजोबांबरोबर जायचे. एक दिवस त्यांनी सुरी टाकली. “पुन्हा हात लावणार नाही,” म्हणाले, आणि गाव सोडून इकडं आले. आता रोडपालीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन आहेत. पण जे डोळ्यांनी पाहिलं ते विसरता येतं का? मी लहान असताना ते मला गाईचं पोट शिकवायचे. पाटीवर खडूनं चार खण काढायचे. हे मोठं पोट, हे जाळीचं, मधाच्या पोळ्यासारखं दिसतं ते. जाळीच्या पुढं नुसता पडदा, आणि पडद्याच्या पुढं लगेच काळीज. “तार इथनं इथं जाते बघ,” म्हणायचे, आणि खडूची एक रेघ ओढायचे. दहावीच्या आधीच मला गाय आतून पाठ होती. कॉलेजात तेच चित्र रंगीत पाहिलं तेव्हा मला रडू आलं होतं.

मला गाईगुरांचीच डॉक्टर व्हायचं होतं. दुसरं काही नाही. हे ऐकून शहाणी माणसं मला समजवायची. खारघरला एका ओळखीच्या मॅडमचा कुत्र्यामांजरांचा दवाखाना आहे. मॅडम चांगल्या आहेत, मनापासून बोलायच्या. “गोठ्यात कशाला मरतेस? खेड्यात आडनाव आधी विचारतात. माझ्याकडं ये. एसीत बस. लॅब्रॅडॉर जात विचारत नाही.” मी हसायचे. सरांच्या त्या वाक्यानंतर मात्र मला वाटू लागलं, मॅडमचं खरं असेल.

आता त्या गोठ्याच्या काकूंबद्दल सांगते. गोठा काकूंचा. एके काळी त्यांची भातशेती होती, मिठागरात वाटा होता. आता तिथं टॉवर उभे आहेत. मुलगा जमिनीच्या व्यवहारात असतो, त्याला गोठा नकोच आहे. सोळा गाई टिकल्यात त्या काकूंच्या हट्टापायी. पहाटे उठून काकू आणि त्यांची सून मोकळ्या प्लॉटवरचं गवत कापून आणतात. आजूबाजूला बांधकामं. लोखंडी सळ्या बांधायला मजूर बारीक तार वापरतात, तिचे तुकडे तिथंच टाकतात. गवताबरोबर ते विळ्यात येतात. गाय चावून बघत नाही, गिळते. इतकं साधं आहे हे. आमच्या कॉलेजचा फिरता दवाखाना दर आठवड्याला तिथं जायचा. गाय कशी धरायची, गाभण कशी ओळखायची, कासेची सूज कशी बघायची, हे सगळं आम्ही काकूंच्या गाईंवर शिकलो. त्यांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही. आमचे नवशिके हात त्यांच्या गाईंनी सोसले.

ती आजारी गाय म्हणजे कबरी. काळी-पांढरी, दोन महिन्यांपूर्वी व्यालेली. काकूंची लाडकी.

आठ दिवसांनी आम्ही पुन्हा गेलो. कबरीच्या गळ्याखाली, पुढच्या दोन पायांच्या मधे सूज उतरली होती. मानेची शीर दोरीसारखी फुगलेली. मी लांबूनच ओळखलं. तार काळजापर्यंत गेली होती. सरांनी सुजेवर बोट दाबलं, खड्डा पडला. हात ॲप्रनला पुसला. मग म्हणाले, “अशक्तपणाची सूज आहे. इंजेक्शनं चालू ठेवू.” त्यांनी माझ्याकडं पाहिलंही. एकच क्षण. मला वाटतं त्यांना कळलं होतं. पण मी म्हटलेलं खरं निघणं त्यांना परवडणारं नव्हतं.

ते वहीत लिहीत असताना काकू माझ्या बाजूला आल्या. हळूच म्हणाल्या, “बाय, तू त्या दिवशी कबरीच्या पाठीला हात लावून काय बोलत व्हतीस? मना नीट आयकू नाय आला.”

नऊ जण ऐकत होते. मी म्हणाले, “सरांना विचारा, काकू.”

तोंडात मिठाची गुळणी धरली मी. दुसरं काही नाही. भीती होती म्हणा, राग होता म्हणा. मनात हेही आलं की मरू दे, मेली की कळेल यांना. हे लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं. काकू माझ्या तोंडाकडं बघत राहिल्या, मग पदरानं कबरीच्या डोळ्याजवळच्या माशा हाकलायला गेल्या.

तिसऱ्या खेपेला आमची बस थांबली तेव्हा काकू गोठ्याच्या दारातच बसल्या होत्या. “कबरी गेली,” म्हणाल्या. “सकाली बसली ती उठलीच नाय.”

बैल गेला आणि झोपा केला. सरांनी शवविच्छेदन ठरवलं. म्हणाले, मुलांना शिकायला मिळेल. गाय गोठ्यामागं ओढून नेली. तिथं एक जेसीबी खड्डा खणून उभा होता. सुऱ्या, हातमोजे, ॲप्रन, सगळं काढलं. आमच्यात एक रीत होती. मेलेलं जनावर उघडायचं ते हजेरीपटाच्या क्रमानं. ज्याचा नंबर त्यानं सुरी धरायची, बाकीच्यांनी बघायचं. माझा नंबर मागच्या महिन्यात होऊन गेला होता, एका म्हशीवर. आज नंबर निनादचा होता. तो बुटांना प्लास्टिक बांधत होता.

सरांनी सुरी उचलली आणि माझ्यासमोर धरली.

“तू ये पुढं. निनादला वेळ लागेल. तुझ्या तर हाताला सवय असेल याची. घरच्या कामाला लाज कसली?”

या वेळी कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. सगळ्यांना ते बरोबर वाटलं होतं. काम पटकन होईल, कपडे खराब होणार नाहीत, ती आहेच की.

सुरीची मूठ माझ्याकडं होती. चांगली सुरी. मला उघडायची होती ती गाय, देवाशप्पथ सांगते. आत काय आहे ते मला माहीत होतं. दहा मिनिटांत तार काढून सरांच्या हातावर ठेवता आली असती. सगळ्यांसमोर मी खरी ठरले असते. पण ती सुरी विद्यार्थिनीच्या हातात दिली जात नव्हती. ती आजोबांच्या हातात दिली जात होती. बाबांनी टाकलेली सुरी होती ती.

मी म्हणाले, “आज माझा नंबर नाही, सर.”

“काय?”

“नंबर निनादचा आहे. माझा आला की धरीन. घरचं काम म्हणून धरणार नाही.”

“मग या प्रॅक्टिकलवर सही मिळणार नाही. तीन आठवडे पुन्हा करावे लागतील.”

“करीन.”

ताठ मानेनं वगैरे काही नाही, खाली कबरीकडं बघत बोलले. सुरी सरांच्या हातात तशीच राहिली. मग मी काकूंकडं वळले. जे आठ दिवसांपूर्वी सांगायचं होतं ते आता सांगितलं. “काकू, कबरीच्या पोटात तार आहे. ती काळजात घुसली. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

सर ओरडले, “उघडण्याआधी कसं सांगतेस?”

निनादनं सुरी घेतली. दोनदा चुकीच्या जागी चीर गेली. शेवटी सरांनीच बाह्या वर केल्या. सरांचा हात सफाईचा आहे, हे मी आजही मान्य करते. जाळीचं पोट, पडदा, काळजाची पिशवी, सगळं एकमेकांना चिकटलेलं. पिशवीतून घाण पाणी आलं, वास आला, दोन पोरं मागं सरली. आणि मग तार. बोटाएवढी, गंजलेली, सळ्या बांधायची. सरांनी ती चिमट्यात धरून वर्गाला दाखवली. म्हणाले, “हे पाहा. नीट लक्षात ठेवा.” माझं नाव त्यांनी घेतलं नाही.

मला वाटलं होतं, आता मला बरं वाटेल. मी काकूंकडं पाहिलं. त्या माझ्याकडंच बघत होत्या.

“तुना म्हाईत व्हता ना? मग बोलली का नाय?”

एवढंच. सरांच्या दोन्ही वाक्यांनी मला जितकं लागलं नाही तितकं हे लागलं. कारण सरांना द्यायला माझ्याकडं उत्तर होतं, काकूंना द्यायला नव्हतं. माझा अपमान झाला होता, हे खरं. पण मेली कबरी. पहिल्या दिवशी पोट उघडून तार काढली असती तर कदाचित वाचली असती. कदाचित नसती. सर चुकले ते घमेंडीनं, मी चुकले ते गप्प बसून. मी काकूंचे पाय धरले नाहीत, माफ करा म्हणाले नाही. जेसीबीनं माती ढकलायला सुरुवात केली आणि आम्हाला बसमध्ये बसायला सांगितलं.

घरी बाबांना सगळं सांगितलं. सुरी नाकारल्याचं ऐकून त्यांचे डोळे भरले. “बरं केलंस,” म्हणाले. मग काकूंचं सांगितलं. तेव्हा म्हणाले, “मला कुणी विचारलं नव्हतं कधी, गाय कशानं मेली ते. तुला विचारलं होतं, बाळा.”

त्यानंतर मी ओक्साबोक्शी रडले.

दुसऱ्या दिवशी खारघरच्या मॅडमना फोन करून सांगितलं, मी येणार नाही. सही मिळाली नाही. पुढच्या सत्रात तीन आठवडे पुन्हा केले, दुसऱ्या बॅचबरोबर. काकूंच्या गोठ्यात एकदा गेले होते. त्यांनी चहा दिला, बसायला दिलं, पण गाईला हात लावू दिला नाही. “ऱ्हाऊ दे,” म्हणाल्या. त्यांचं बरोबर आहे. अजूनही तिथून जाताना मी गाडी हळू करते आणि पुढं जाते.

आता मी याच पट्ट्यात गाईम्हशींची डॉक्टर आहे. कॉलेजची मुलं शिकायला माझ्याबरोबर फिरतात. पहिल्या दिवशी त्यांना औषधं सांगत नाही. कबरीची गोष्ट सांगते, माझ्या गप्प बसण्यासकट. काही मुलं अस्वस्थ होतात. होऊ देत.

परवा एका नव्या गोठ्यात गेलो. गाय कोपरं बाहेर काढून उभी होती. मालक दारातच आडवा आला. वरून खालपर्यंत बघितलं, आडनाव विचारलं, मी सांगितलं. ते त्याला पुरलं नाही.

“म्हंजे तुमी नक्की कोनाच्या?”

माझ्यामागं चार विद्यार्थी उभे होते. मी त्यांनाही ऐकू जाईल असं बोलले.

“माझे आजोबा आणि बाबा मेलेली ढोरं ओढायचे. बाबांनीच मला गाय शिकवली. तुमची गाय अजून जिवंत आहे. बाजूला व्हा.”