नात्याच्या रकान्यात आत्या नव्हती

विनोद मेला आणि त्याच्या मयतीत खोडा मी घातला.

आज वर्ष झालं. तुम्ही सगळे सकाळपासून ग्रुपवर 'किती हसतमुख होता' लिहून राहिले. हसतमुख कसला? ऑफिसातला सगळ्यात किरकिरा माणूस. आणि बहुतेक वेळा बरोबर असायचा, म्हणून जास्तच डोक्यात जायचा.

ज्यांना आमचं काम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये कोणत्या रकान्यात कोणते शब्द चालतील, हे आधी ठरवावं लागतं. त्या नियमांच्या फाइलला एक्सएमएल स्कीमा म्हणतात.

ती मी लिहिली. टीम लीड मी.

'नातं' या रकान्यात मी आठ शब्द टाकले. आई, वडील, नवरा, बायको, मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण. नववा शब्द आला की फॉर्म बाद.

विनोद म्हणाला, "यादी ठेव, पण कडेले एक दार ठेव ना वं. 'इतर' म्हणून पुढं ज्याले जे लागते ते लिहू दे."

मी म्हटलं, मग लोक काहीही लिहितील. नवा शब्द पाहिजे तर रीतसर मागा, नवं व्हर्जन काढू.

तो आठवडाभर भांडला. शेवटी मी अख्ख्या टीमसमोर बोलले,

"तुझ्या घरी मायबाप नाहीत, हा काही स्कीमाचा प्रॉब्लेम नाही."

सगळे हसले. त्यातले चौघं हे वाचून राहिले.

त्याला आत्याने वाढवलं, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच बोलले.

मग त्याला अटॅक आला. रामदासपेठेतलं हॉस्पिटल, आमचंच सॉफ्टवेअर. बॉडी ताब्यात घ्यायला काउंटरवर आत्या, आणि तिच्या बाजूला मी.

ऑपरेटरने तीनदा 'आत्या' टाकलं. तीनदा लाल.

"मॅडम, सिस्टीम नाही घेऊन राहिली. आई टाकू का?"

आत्या म्हणाली, "आई काहून? त्याची माय मेली तवा मी त्याले घेतलं. तिचा हक मी नाही खात. मी आत्या आहो त्याची."

मी ऑफिसला फोन केला. नव्या व्हर्जनला दीड महिना, म्हणाले. नियम माझाच.

दोन तास तो आत पडून होता.

शेवटी मी ऑपरेटरला डोळ्यांनीच सांगितलं, टाक. कागद इंग्रजीत निघाला, नात्यापुढे 'मदर'. आत्याने सही करताना विचारलं,

"आत्याच लिवलं ना वं?"

मी हो म्हटलं.

नंतर मी यादीत नववा शब्द टाकला, 'आत्या'. मोठे उपकार केल्यासारखा. 'इतर' टाकलं असतं तर विनोद बरोबर होता हे कबूल करावं लागलं असतं. गेल्या आठवड्यात एका मामाचा फॉर्म बाद झाला.

तर कबूल करते. तो बरोबर होता. मी हलकट होते.

संध्याकाळी बेसाला आत्याच्या घरी विनोदच्या आठवणीत पुण्यानुमोदन आहे. तो कागद तिने लॅमिनेट करून विनोदच्या फोटोखाली लावलाय. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवते.

तुम्हाला सगळ्यांना इंग्रजी वाचता येतं. कृपा करून गप्प बसा.

तिला मीच सांगणार आहे, त्याच्याच फोटोसमोर.

विनोद, शेवटचा जयभीम.