ओड्डुरची उंच गाडी

ओड्डुर कसा माणूस आहे असं कोणी विचारलं की मी सांगते, हट्टी. तोही शांत हट्टी, म्हणजे त्यातला सगळ्यात वाईट प्रकार. भांडणार नाही, आवाज चढवणार नाही. समोरच्याचं सगळं ऐकून घेईल, "बरं" म्हणेल आणि जाऊन स्वतःच्या मनातलंच करेल. माझ्या धाकट्या बहिणीने, स्वालाने, त्याच्यात काय पाहिलं हे मला त्यांच्या लग्नाच्या दिवशीही कळलं नव्हतं. मी तसं तोंडावर बोलूनही दाखवलं होतं. ती हसून म्हणाली, "थोरा, तुला नकोय ना तो? मग झालं तर."

त्याच्या हट्टाची सगळ्यात मोठी खूण त्याच्या अंगणात उभी असायची. वडिलांची हिरवी जीप. म्हाताऱ्याने ती बोटीवरून उतरली तशी कोरी घेतली होती आणि मुलापेक्षा जास्त जपली होती. आता, आमच्या खोऱ्यात हिवाळ्यात साध्या गाडीचं काही चालत नाही. मोठी, मऊ टायरं लागतात. बर्फ पडला की त्यांतली जवळजवळ सगळी हवा सोडायची, मग टायर पसरतं आणि गाडी रुतण्याऐवजी बर्फावरून चालते. टायर जितकं मोठं तितकं चांगलं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत. भांडण पुढे सुरू होतं. एवढं धूड गाडीखाली मावणार कसं? एकतर चाकांभोवतीचा पत्रा कापायचा, नाहीतर उंच स्प्रिंगा घालून गाडीच वर उचलायची. आमच्याकडे लोक पत्रा कापतात. उंच गाडी उतारावर कलंडते, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही.

"मी पत्र्याला हात लावणार नाही," ओड्डुर म्हणाला. आम्ही त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. मध्ये सुका मासा आणि लोणी. समोर शेजारचा कारी, ज्याने निम्म्या खोऱ्याच्या गाड्या कापून दिल्या आहेत.

"अरे, पत्रा आहे तो. तुझा बाप नाही," कारी म्हणाला.

"बापाचा आहे."

"मग टायर तरी बेताचं घे. अडतीस इंची घे."

"चव्वेचाळीस."

"चव्वेचाळीस, आणि न कापता! किती उचलणार आहेस गाडी? या बाईला चढायला शिडी लागेल."

"शिडी कशाला, दुधाचा क्रेट आहे की," स्वाला म्हणाली. "पण ओड्डुर, कारीचं ऐक. काप. तुझे वडील काय वर बसून मडगार्ड मोजतायत?"

"बरं," ओड्डुर म्हणाला.

आणि महिन्याभरात गाडी उंच स्प्रिंगांवर चढलेली. स्प्रिंगाही त्याने मऊ निवडल्या, कारण बर्फात चाक वरखाली मोकळं खेळलं पाहिजे. खोऱ्याने गाडीचं नाव जिराफ ठेवलं. मी ते सगळीकडे पसरवलं, हे कबूल. पण बर्फात जिराफ सुरेख चालायची, तेही सांगितलं पाहिजे. जिथे कारीची गाडी फावड्याने काढावी लागायची तिथून ओड्डुर हात हलवत जायचा. आम्ही बर्फातली माणसं. गाडीचा विचार करतो तो बर्फ डोळ्यांसमोर ठेवून. पाण्यात तिचं काय होईल हे त्याच्या मनात आलं नाही, आणि खरं सांगायचं तर कारीच्याही आलं नाही.

उन्हाळाभर डोंगरात मोकळ्या सोडलेल्या मेंढ्या सप्टेंबरात सगळं खोरं मिळून खाली आणतं. त्या वर्षी करडी नदीपलीकडच्या शेवटच्या खोपटात स्वयंपाकाला स्वाला आणि मी होतो. करडी हिमनदीतून येते, तिचं पाणी गढूळ असतं आणि तळ रोज बदलतो. पुरुष सकाळीच मेंढ्या घेऊन नदीपार गेले. आम्ही खोपट झाडून, कुलूप लावून घोड्यांवरून मागोमाग निघणार होतो. तेवढ्यात स्वालाला वरच्या कड्यावर एक मेंढी दिसली, दोन कोकरांसकट मागे राहिलेली.

"राहू दे तिला," मी म्हटलं.

"थंडीत मरेल गं," म्हणून ती घोड्यावर बसली. पाऊस लागला होता, खडक ओला होता. घोड्याचा पाय सरकला, तो पडला आणि तिच्या अंगावरून लोळत गेला.

मी तिला गादीवर घालून ओढत आत आणलं. चेहरा पांढराफटक पडला होता. वायरलेसवर खालच्या दवाखान्यातली डॉक्टरीण मिळाली. तिने पोट दाबून बघायला सांगितलं.

"कडक लागतंय?"

"दगड झालाय," मी म्हटलं.

 ती म्हणाली, "आत रक्तस्राव होतोय. तिला ताबडतोब आणा. कसंही करून आणा." रेक्याविकहून निघालेलं हेलिकॉप्टर ढग जमिनीला टेकल्यामुळे अर्ध्यातून परतलं होतं. मदत पथकाची गाडी दुसऱ्या बाजूने माळरान चढत होती, ती अंधाराच्या आत पोचणार नव्हती. आणि पावसाने करडी चढत चालली होती. बाकीच्या गाड्या आदल्या दिवशीच सामान घेऊन खाली गेलेल्या. घोड्यावरून कोणी पार येऊ शकलं असतं, पण अशा बाईला घोड्यावर घालून नेणार कशी? पलीकडच्या काठावर माणसं होती, घोडी होती, मेंढ्याच मेंढ्या होत्या आणि जिराफ होती.

खोपटाच्या खिडकीतून नदी सरळ दिसते. मी दुर्बीण लावून बसले. कारीने गाडीला मागून लांब दोर बांधलेला दिसला, दोराचं टोक माणसांच्या हातात. ओड्डुर पाण्यात शिरला. चाकं बुडाली. गाडी पुढे जायची थांबली आणि आडवी, हलकेच, प्रवाहाबरोबर निघाली. माणसांनी दोर ओढून ओढून तिला परत काठाला लावलं.

"तरंगते," वायरलेसवर ओड्डुरचा आवाज आला. "थोरा, तरंगते गाडी. टायरं फुग्यासारखी उचलतायत तिला. तळाला टेकतच नाहीये."

"तुझी ती टायरं!" मी ओरडले. "तुझी ती मेली टायरं!"

 मागून कारी सांगत होता, "दारं उघडी टाक, पाणी आत घे, जड होईल."

"आणि परतताना स्वालाला त्या पाण्यात झोपवू?" ओड्डुर म्हणाला. पहिल्यांदाच त्याचा आवाज चढलेला ऐकला मी.

मग ते दगड भरू लागले. नदीकाठी दगडांना काय तोटा? म्हातारे, तरणे, सगळे वाकून दगड उचलत होते आणि गाडीत टाकत होते. मागची बाकडी काढून फेकली. गाडी बसू लागली. मऊ स्प्रिंगा दबत दबत गेल्या, आणि वरचा पत्रा टायरांवर येऊन टेकला. ओड्डुर आत बसून चाक वळवायला गेला तर वळेना. उंची होती म्हणून टायर मावत होतं, आणि आता उंचीच उरली नव्हती.

कारी काय बोलला ते मला नंतर कळलं. "ओड्डुर, आता कापायचं का?" एवढंच म्हणाला तो. ओड्डुर "बरं"सुद्धा म्हणाला नाही. हत्यारांच्या पेटीत कुंपणाच्या तारा कापायचं बॅटरीचं यंत्र होतं. ते त्याने स्वतः उचललं. कारीला हात लावू दिला नाही. पावसातून मला नुसत्या ठिणग्या दिसत होत्या.

"काय करतोय गं तो?" स्वालाने विचारलं. आवाज पार खोल गेलेला.

"कापतोय."

"काय?"

"मडगार्डं. कापून नदीत फेकतोय."

ती हसली, आणि हसल्याबरोबर कळवळली. "बघ. मी मरायला टेकले तेव्हा ऐकलं माझं."

"गप्प बस," मी म्हटलं. मला रडू आवरत नव्हतं आणि तिच्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले.

या खेपेला जिराफ पाण्यात शिरली ती रेड्यासारखी. बॉनेटवरून पाणी गेलं, पण चाकं तळ सोडत नव्हती. वेडंवाकडं कापलेलं पत्र्याचं तोंड घेऊन ती आमच्या काठाला चढली. ओड्डुर आत आला, गुडघ्यावर बसला आणि स्वालाच्या केसांवरून हात फिरवत राहिला. 

"गाडी छान दिसतेय," ती म्हणाली. "आधीच असं केलं असतंस तर."

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "सगळंच बरोबर आहे."

आता तिला ठेवायचं कुठे? गाडीत नुसते दगड. काढावेत तर गाडी पुन्हा तरंगणार. आम्ही दगडांवर गादी टाकली, तिच्यावर घोंगड्या, माझा स्वेटर, ओड्डुरचा स्वेटर. तिला उचलून ठेवलं तेव्हा ती ओरडली. तसं ओरडणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं, आणि पुन्हा ऐकायची ताकद माझ्यात नाही. ओड्डुर दगड उपसायला लागला. "थोडे काढतो. एका बाजूचे काढतो."

"नको," ती म्हणाली. "राहू देत. चल लवकर."

मी तिच्याशेजारी दगडांत अंग मुडपून बसले. पाणी तोवर आणखी चढलं होतं. नदीत थांबायचं नसतं, थांबलं की चाकाखालची वाळू वाहून जाते आणि गाडी खड्ड्यात बसते. हे ओड्डुरला माहीत होतं. पण तो सारखा मागे वळून बघत होता, म्हणून स्वाला त्याला शिव्या घालू लागली. ती अजून जिवंत आहे, हे त्याला कळावं म्हणून. "पुढे बघ. आंधळ्या, पुढे बघ. दगडांवर नेऊन झोपवलंस बायकोला, लाज नाही वाटत? पुढे बघ." तो प्रत्येक शिवीला "हो" म्हणत होता. इंजिन घरघरत होतं, दाराच्या फटींतून पाणी आत येत होतं, आणि मी तिचा हात धरून तिच्या शिव्या नुसत्या ऐकत होते.

नदीच्या ऐन मध्यात शिव्या थांबल्या.

"थोरा! गप्प का झाली ती?"

तिचे डोळे उघडे होते, छताकडे लागलेले. मी तिच्या तोंडाशी गाल नेला. श्वास नव्हता. छातीवर हात ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. त्या दगडांच्या ढिगावर मला नीट गुडघेही टेकता येईनात. काही नव्हतं तिथे.

"थोरा!" गाडी हळू झाली. मागचं चाक खचल्याचं मला अंगाखाली जाणवलं.

लहानपणी आम्ही दोघी हाका मारायचो तेव्हा आईलाही कळायचं नाही कोण बोलतंय. मी तिच्यासारखाच आवाज लावला. "पुढे बघ, आंधळ्या! काय थांबतोस? दाब!"

"हो," तो म्हणाला. "हो, हो." गाडीने धक्का खाल्ला आणि निघाली. मी बोलत राहिले. तिला येत होत्या त्या सगळ्या शिव्या दिल्या, मला येत होत्या त्याही दिल्या. एका हाताने तिचे डोळे मिटले आणि तोंडाने तिच्या नवऱ्याला पार काठापर्यंत हाकलं. परत तशी वेळ आली तर पुन्हा तेच करेन.

गाडी काठावर चढून थांबली. माणसं धावत आली. ओड्डुर उतरला, मागे आला, त्याने दार उघडलं. तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी मान हलवली.  त्याने गादीच्या कडेखाली हात घातला, एक दगड काढला आणि खाली ठेवला. मग दुसरा. मग तिसरा, मोठा, दोन्ही हातांनी.

"ओड्डुर," कारी त्याच्या खांद्याला धरायला गेला. "अरे, ओड्डुर."

"टोचतायत तिला," ओड्डुर म्हणाला.

कारीने हात मागे घेतला. मग त्यानेही वाकून दुसऱ्या बाजूने दगड काढायला सुरुवात केली. मी आत बसून तिचं डोकं धरून ठेवलं, हलू नये म्हणून. बाकीचेही आले.  एकेक करून आम्ही सगळे दगड बाहेर काढले.