मामी बसली की दिवा पेटतो

जळालेला फ्यूज दोन बोटांत धरून तो उन्हाकडे करायचा. एक डोळा मिटायचा. आतली तार तुटलेली दिसली की म्हणायचा, "हा आपणहून नाही मेला. याला कोणीतरी मारलाय." मग मारणाऱ्याला शोधत बसायचा. मोखाड्याहून जव्हारकडे निघालं की रस्त्याला लागून त्याचं पत्र्याचं गॅरेज होतं. तुम्हीही पाहिलं असेल त्याला. गिऱ्हाईक घाईत असलं की हा आणखी सावकाश व्हायचा. राग यायचा फार.

माझी मोटारसायकल जुनी. सूर्यमाळच्या आमच्या पाड्यावरून बायकोला जव्हारच्या दवाखान्यात रक्त चढवायला न्यायचो. एकटा खोडाळ्याच्या बाजाराला गेलो तर गाडी गुमान चालायची. तिला घेऊन निघालो की वाटेत फ्यूज उडायचा, गाडी तिथंच बंद. ती दगडावर बसून धापा टाकायची. चालणं तिला जमत नव्हतं.

एकदा मी सिगारेटच्या पाकिटातला चंदेरी कागद फ्यूजला गुंडाळला आणि जव्हार गाठलं. परतताना गॅरेजपाशी थांबून त्याला तोऱ्यात सांगितलं.

"मामा, अक्कल बाजारात विकली का?" तो ओरडला. "फ्यूज जळतो तो वायर जळू नये म्हणून. आता वायरच पेटेल. खाली पेट्रोल आणि वर कोण बसलंय? मामी!"

"मग शोध ना दोष! नुसते नवे फ्यूज घालतोस."

"तो माझ्यापुढं येतच नाही. लाजतो."

त्याने नवा फ्यूज घातला, स्वतः माझ्या मागे बसला. एसटी स्टँडपर्यंत जाऊन आलो. खड्ड्यात मुद्दाम घातली. काही नाही.

"बाईमाणूस बसलं की जळतो, म्हणजे पायगुणच तसा!" शेजारचा चहावाला म्हणाला.

बायको हसली नाही. मला हळूच म्हणाली, "खरंच असेल. राहू दे ते रक्त. मी नाही येत आता."

गॅरेजवाल्यानेही ऐकलं होतं. फ्यूज काढून त्या जागी त्याने एक बल्ब जोडला. "वायर कुठं चासीच्या लोखंडाला चिकटली तर हा भक्कन पेटेल. मामी, बसा. रोज बसता तशा."

ती लुगडं सावरून बसली, दोन्ही पाय डावीकडे. दिवा पेटला.

"उठा." विझला.

"बसा." पेटला.

मग तिलाच मजा वाटायला लागली. आपणहून उठायची, बसायची. लई दिवसांनी हसत होती.

सीट खोलली. डाव्या कडेला वायर सीटखाली चिमटत होती, वरचं प्लास्टिक सोललेलं. आम्ही पुरुष दोन्हीकडे पाय टाकून बसतो, भार मधोमध. तिचा सगळा भार त्या कडेवर. त्याने चिकटपट्टी गुंडाळली, सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला, वायर आतल्या अंगाला बांधली. "मामीचा पायगुण चांगला आहे," चहावाल्याला ऐकू जाईल असं म्हणाला. बल्ब माझ्या हातात ठेवला. "असू दे. घाटात लागेल."

नंतर फ्यूज उडाला नाही. तिच्या शेवटच्या फेरीपर्यंत नाही. ती गेली ती गाडीमुळे नाही गेली, एवढं मला ठाऊक आहे.

तिच्या दिवसाला तो घरी आला. माझ्यासमोर बसवेना त्याला. सरळ गाडीपाशी गेला, सीट काढून वायर चाचपली. "मामा, शाबूत आहे," म्हणाला आणि त्या तेलकट हातांनी डोळे पुसले. तोंड काळं झालं. कोणी हसलं नाही.

यंदा तोही गेला. कावीळ अंगावर काढली. लोकांच्या गाडीचा आवाज जरा बदलला तरी ओळखायचा, स्वतःचे पिवळे डोळे दिसले नाहीत. गाढव कुठला.

परवा अंगणात गाडी मोठ्या स्टँडवर लावली. फ्यूजच्या जागी त्याचा बल्ब जोडला, चावी फिरवली. मग मागच्या सीटवर बसलो, तिच्यासारखा, दोन्ही पाय डावीकडे. शेजारीण बघत होती. बघू दे.

अंग वरखाली करून पाहिलं. दिवा नाही पेटला. काम पक्कं आहे त्याचं.

उतरावंसं वाटेना. इथून तिला एवढी वर्षं माझी पाठच दिसत असणार.