एकट्या चुलीचं शिंगरू

मला जनावरांतलं काही कळत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आजोबा कचेरीत कारकून, वडील कचेरीत कारकून. आमच्या यवतमाळच्या घरात चार पायांचं म्हणून जे काही होतं ते टेबल. त्यामुळे मी एका शिंगरापायी रडलो, हे घरी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर हसले असते, आणि त्यांचं काही चुकलंही नसतं.

अठ्ठावन्न साल. उमरखेडच्या पलीकडे, पैनगंगेच्या काठावरच्या एका बंजारा तांड्यावर मी मास्तर होतो. शाळेला एकच खोली. पुढच्या अर्ध्या भागात वर्ग, मागच्या अर्ध्यात माझी खाट, ट्रंक आणि चूल. मध्ये तुराट्यांचा कूड. चार वाजता पोरं घरी पळाली की त्या खोलीत आवाज म्हणून उरायचा तो माझ्याच चपलांचा. संध्याकाळी भाकरी थापायचो. ती कधी गोल झाली नाही, आणि झाली असती तरी दाखवणार कोणाला? समोर कोणी नसलं की माणूस किती भराभर जेवतो, हे मला तिथे कळलं.

लग्न झालेलं होतं. बायको यवतमाळचीच, वकिलाच्या घरातली, मॅट्रिक झालेली. पहिल्या हिवाळ्यात ती तांड्यावर आली आणि एकोणीस दिवस राहिली. विसाव्या दिवशी म्हणाली, "तुम्ही बदलीचा अर्ज करा. तोवर मी यवतमाळला थांबते." मी म्हणालो, "आपला जिल्हाच नुकता एका राज्यातून उचलून दुसऱ्या राज्यात टाकलाय. तिथे माझ्या अर्जाला कोण विचारतो?" ती म्हणाली, "करून तर पाहा." झालं, माझं डोकं फिरलं. जायचं तर जा, म्हणालो. ती गेली. महिन्याभराने तिचं पत्र आलं, त्यात एकच ओळ कामाची होती: अर्ज केलात का? मी अर्ज केला नाही आणि पत्राला उत्तरही दिलं नाही. पडलो तरी नाक वर, असा माझा स्वभाव. त्यानंतर तिचंही पत्र आलं नाही.

तांड्यातले लोक विचारायचे, "बाई कधी येते, गुर्जी?" मी सांगायचो, दिवाळीला. दिवाळी गेली की म्हणायचो, संक्रांतीला. सासूची तब्येत, भावाची परीक्षा, अशी कारणं मी तयार ठेवलेली असायची. वर्गात पाढे सांगावेत तितक्या सहज ती सांगायचो.

तांड्यासमोर नदीला दोन धारा फुटतात आणि मध्ये मैलभर लांबीचं बेट आहे. गवत पुरुषभर उंच, मधोमध एक उंचवटा, तिथे जांभळीची आणि करंजाची झाडं. या बेटावर तांड्याची तट्टं मोकळी असत. यांचे बापजादे बैलांवर आणि तट्टांवर मीठ-धान्य लादून मुलुखभर फिरले. पुढे रेल्वे आली, ट्रक आले, लादणी संपली आणि माणसं शेतीला लागली. तट्टं मात्र कोणी टाकून दिली नाहीत. बेटावर सोडली. वर्षभर त्यांना कोणी चारा घालायचं नाही, कोणी बांधायचं नाही. पुरात ती उंचवट्यावर चढायची. चढली ती वाचायची. माघात तांड्याकडची धार मांडीपर्यंत उतरली की एक दिवस सगळा तांडा बेटावर जायचा, कळप कोंडायचा, नव्या शिंगरांना खुणा करायचा, बाजारहाटासाठी लागतील तेवढी तट्टं घरी आणायचा आणि बाकीची पुन्हा सोडून द्यायचा.

त्या वर्षी आदल्या दिवशी तांड्याचा नायक शाळेच्या दारात आला. पांढरं मुंडासं, आवाज कमी आणि काम जास्त असा माणूस. म्हणाला, "उद्या साऱ्या पोराइले बेटावर नेतो गुर्जी. तुमी काय भिंतीले शिकवत बसता? चाला आमच्या संगं."

मी गेलो. धोतर खोचून, चपला हातात घेऊन, थंडगार पाण्यातून. बेटाच्या वरच्या टोकाला सगळे आडवे एका रांगेत उभे राहिले: बाया, बाप्ये, पोरं, प्रत्येकाच्या हातात डबा नाहीतर थाळी. माझ्या डाव्या हाताला माझी शेजारीण होती. शाळेला लागूनच तिची झोपडी. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, पोटी मूल नाही, आणि सगळा तांडा तिला याडी म्हणायचा. याडी म्हणजे आई. मला ती मास्तर म्हणायची आणि अरे-तुरे करायची.

"रांग तुटू देजो नको, मास्तर," ती म्हणाली. "बोंबलता येते ना तुले?"

"वर्गात दुसरं काय करतो?"

"मंग बोंबल."

रांग थाळ्या बडवत, हाकारे देत खाली सरकू लागली. पुढे गवत हलताना दिसायचं, मग एकदम दहा-बारा पाठी वर यायच्या, काळ्या, तांबड्या, मातकट, आणि पुन्हा गवतात बुडायच्या. खालच्या टोकाला बाभळीच्या काट्यांचं मोठं कुंपण घातलेलं होतं. कळप तिकडे रेटायचा होता. मी घसा फोडून ओरडत होतो. खरं सांगतो, फार बरं वाटत होतं. कित्येक महिन्यांत मी माणसांच्या इतक्या जवळून चाललो नव्हतो.

अर्ध्या वाटेवर माझ्या कोपराला काहीतरी ओलं लागलं. वळून पाहिलं तर एक शिंगरू. मातकट रंगाचं, बरगड्या मोजता येतील असं, पुढच्या एका पायाला पांढरा पट्टा. कळपाबरोबर पुढे पळायचं सोडून ते रांगेच्या मागे राहिलं होतं आणि माझ्यामागून चालत होतं. मी थांबलो की थांबायचं. मी "हाड" म्हणालो, तर त्यानं पुन्हा माझ्या कोपराला नाक लावलं. बायको गेल्यापासून मला कोणी हात लावला नव्हता. वर्ष होऊन गेलं होतं. मी रांगेत असताना, थाळ्यांच्या त्या दणदणाटात, हे माझ्या लक्षात आलं आणि मी ओरडायचं विसरलो.

"बिनमायचं हाय," याडी म्हणाली. "याची माय पुरात गेली असन."

कळप कुंपणात गेला. मग शिंगरं एकीकडे आणि घोड्या एकीकडे केल्या. प्रत्येक घराच्या घोडीच्या कानाला त्या घराची कातर, म्हणजे कापून केलेली खूण, असते. कोणाची टोकाला, कोणाची कडेला. एकेक शिंगरू सोडायचं. ते धावत ज्या घोडीच्या कासेला लागेल, त्या घोडीच्या घराचं ते, आणि तशीच कातर त्याच्या कानाला. वाद नाही, भांडण नाही. आमच्या कचेरीत वारसाचा एक कागद हलायला तीन वर्षं लागायची; इथे अर्ध्या तासात सतरा वारस लागले.

शेवटी ते एकटं उरलं. सोडलं तर ते घोड्यांकडे गेलंच नाही. मधोमध उभं राहिलं.

अशा शिंगराची रीत निराळी होती, आणि ती नायकानेच मला समजावून सांगितली. बिनमायचं शिंगरू एकट्या चुलीला द्यायचं. म्हणजे तांड्यात जो एकटा रांधतो आणि एकटा जेवतो त्याला. नायक अशा माणसांना एका रांगेत उभं करतो आणि पंचांसमोर विचारतो, तुझ्या चुलीवर किती जणांचं शिजते? एकाचं, असं ज्यानं आपल्या तोंडानं सांगितलं त्याच्या तळहातावर मीठ. शिंगरू ज्याच्या हातचं मीठ चाटेल त्याचं, जन्मभर. ते मग विकता येत नाही की कोणाला देता येत नाही. आणि बेटावर पंचांसमोर बोललेलं खरंच धरायचं, त्यावर मागून कोणी शंका काढायची नाही.

"तांड्यात राह्यते तो तांड्याचा," नायक म्हणाला. "तुमीबी उभे ऱ्हा, गुर्जी."

मी याडीशेजारी उभा राहिलो. दोघंच होतो. मला ते शिंगरू हवं होतं. इतकं हवं होतं की मी मनातल्या मनात शाळेच्या मागे त्याचा खुंटासुद्धा ठोकून मोकळा झालो होतो. संध्याकाळी कोणीतरी वाट पाहणारं असणार होतं. कोणाशी तरी दोन शब्द बोलता येणार होते.

याडी म्हणाली, "एकाचं." नायकाने तिच्या हातावर मीठ ठेवलं. तिने मूठ मिटली. मग तो माझ्यासमोर आला.

"गुर्जी, तुमच्या चुलीवर किती जणाचं शिजते?"

सगळा तांडा बघत होता. माझी पोरं, त्यांच्या आया, नुकतीच लग्न होऊन आलेली दोन जोडपी. एक शब्द बोलायचा होता. तो बोललो असतो तर आजवर सांगितलेली दिवाळी आणि संक्रांत खोटी ठरली असती. बायकोने टाकलेला मास्तर, असं माझं मलाच ऐकू आलं.

"दोघांचं," मी म्हणालो. "ती येणार आहे ना. होळीला."

नायक हलला नाही. "आजचं इचारून राह्यलो, गुर्जी. आज किती जणाचं?"

"दोघांचंच धरा," मी म्हणालो, आणि वर हसलोही.

त्याने चिमटीतलं मीठ पिशवीत परत टाकलं. याडीने क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि मग मूठ उघडली. शिंगरू आधी माझ्याकडेच आलं. माझे रिकामे हात हुंगले, मनगट चाटलं. मग मिठाच्या वासाने तिच्याकडे वळलं आणि चाटत राहिलं. सगळ्यांनी आरोळी दिली. मीही दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी चार बाया शेणाच्या आणि पांढऱ्या मातीच्या टोपल्या घेऊन माझ्या दारात. मी विचारलं, हे काय?

"बाई येऊन राह्यली ना होळीले," त्यांतली एक म्हणाली. "मागच्या टायमाले बिचारीले धूळ लय लागली. तुमी व्हा बाहेर."

मी बाहेर व्हरांड्यात पोरांना बेरजा घातल्या. आत त्यांचं हसणं, गाणं चाललं होतं. दुपारी जाऊन पाहिलं तर भिंती पांढऱ्या, जमीन गुळगुळीत, आणि माझी जुनी चूल फोडून त्यांनी नवी घातलेली. तिला वैल जोडला होता, म्हणजे बाजूचं दुसरं तोंड. एकावर भाकरी आणि दुसऱ्यावर कालवण, एकाच वेळी. "दोघाइचं शिजवाचं म्हणजे वैल लागते," ती बाई म्हणाली. कुठलाही टोमणा नव्हता. मी बोललो होतो, म्हणून ते खरं होतं.

त्या ओल्या चुलीसमोर मी उभा राहू शकलो नाही. पोरांना सुटी दिली आणि याडीच्या झोपडीत गेलो. ती शिंगराला ज्वारीच्या कण्या भरवत बसली होती.

मी म्हणालो, "याडी, ती नाही येणार."

"मालूम हाय," ती म्हणाली. हात थांबला नाही.

"कसं काय?"

"आमाले चिठ्ठी वाचता नाही येत, मास्तर. पण चिठ्ठी येत नाही, हे तं दिसते ना." तिने शिंगराचं तोंड पुसलं. "नायकानं तुले दोनदा काहून इचारलं? मले एकदाच इचारलं. मीबी मूठ मिटून उभी होती. तू एक म्हणाला असता तं म्या मीठ खाली टाकून देलं असतं. आम्ही तसं ठरवून आलतो."

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि भरदिवसा, सरकारी मास्तर, ढसाढसा रडलो. तिने समजूत काढली नाही. एवढंच म्हणाली, "आता ते माह्या हातचं मीठ चाटलं. आता नाही देता येत रे, बेटा." आणि थोड्या वेळाने, "पाणी आणाले माह्याच्यानं होत नाही. तू आणत जाजो त्याले."

त्याच आठवड्यात मी दोन कागद टपालात टाकले, एक बदलीचा अर्ज आणि एक बायकोला पत्र. बदली दोन वर्षांनी आली. पत्राला उत्तर आलं नाही.

ती दोन वर्षं मी रोज संध्याकाळी नदीवरून एक बादली पाणी याडीच्या दारात नेलं. शिंगराला नाव ठेवायचा आणि त्या नावाने हाक मारायचा हक्क मीठ देणाऱ्याचा, म्हणून मी त्याला कधी हाक मारली नाही. ते माझ्या बादलीतलं पाणी प्यायचं, मान वर करायचं, आणि तिने आतून हाक दिली की वळून तिच्याकडे जायचं.