नवं ऑइल दिसत नाही

शोरूममधून सर्व्हिसिंग होऊन आलेली गाडी आमच्याकडे आधी बाबांपुढे उभी राहायची. मी चपला काढून घरात जाईपर्यंत बोनट उघडलेलं असायचं. इंजिनातलं ऑइल मोजायला एक लांब पातळ पट्टी आत खोचलेली असते, तिला आमच्याकडचे ड्रायव्हर गेज म्हणतात. बाबा ती उपसायचे, जुन्या बनियनच्या चिंधीने पुसायचे, परत आत घालायचे, परत उपसायचे आणि उजेडात आडवी धरून बघायचे. टोकाजवळच्या दोन खुणांच्या मध्ये ऑइल दिसलं की शोरूमवाले सुटले. नाही दिसलं तर त्यांचा उद्धार आमच्या गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायचा. खरं सांगायचं तर ऑइल नेहमी बरोबरच असायचं. पण "बरोबर हाय" हे शब्द बाबांच्या तोंडून जरा हिरमुसूनच निघायचे, कारण भांडायची एक चांगली संधी हुकलेली असायची.

माझा तापट स्वभाव कुठून आला असं सासरी कोणी विचारलं की मी बाबांकडे बोट दाखवते. बाबांनी उभं आयुष्य कामरगाव ते कारंजा जीप चालवली. आत माणसं, मागे लटकलेली माणसं, टपावर तुरीची पोती आणि एखादी बकरी. एकदा एका मेकॅनिकने ऑइल टाकलं म्हणून सांगितलं, बाबांनी न बघता त्याच्यावर भरवसा ठेवला आणि भर लग्नसराईत वऱ्हाड घेऊन निघालेल्या जीपचं इंजिन रस्त्यातच जाम झालं. नवरदेव पायी मांडवात पोचला. त्या दिवसापासून गाडीच्या बाबतीत बाबांनी कोणाचा शब्द घेतला नाही. माझा तर नाहीच नाही.

पुढे जीप विकली. मी शाळेत नोकरीला लागले, पुढे हप्त्यांवर एक छोटी पांढरी गाडी घेतली. नवऱ्याची नोकरी लांबची, त्यामुळे मी आईबाबांजवळ कामरगावातच राहते आणि शाळेसाठी रोज इंझोरीला जाते. गाडी बाबांनीच शिकवली. क्लच सोडताना गचका बसला की शेजारच्या सीटवरून म्हणायचे, "बाई, गाडी हाय थे, बैल नाई." तरी गाडीची मालकी कागदावर माझी आणि बाकी सगळी त्यांची होती. रविवारी ती धुवायची, टायरमधली हवा बघायची, आणि गावातल्या कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं की चावी घेऊन निघायचं, हे सगळं तेच करत.

मग त्यांना कमी दिसायला लागलं. आमच्या गावात या वयात कमी दिसलं तर डॉक्टरकडे जायची गरज कोणाला वाटत नाही. मोतिया असतो तो. पारावर बसणाऱ्या निम्म्या लोकांना झालेला असतो. आणि मोतिया कच्चा असताना काढायचा नसतो, पिकू द्यायचा असतो, हेही सगळ्यांना पाठ. आम्ही शेतीभातीत वाढलेली माणसं, पिकल्याशिवाय काढायचं नाही हे आम्हाला लगेच पटतं. "पिकू दे बाई, पिकला का मंग काढू," असं बाबा म्हणायचे. आई तेच म्हणायची. बी.एड. झालेली मीही तेच म्हणायचे.

त्यांना समोरचं दिसायचं, बाजूचं दिसायचं नाही. जेवताना उजवीकडे ठेवलेला पाण्याचा तांब्या हात लागून सांडायचा. आई शेजारी येऊन उभी राहिली तरी ते तिला हाका मारत राहायचे आणि आई चिडून म्हणायची, "इथंच त् हाय मी." एकदा बसस्टँडजवळ बाजूने आलेली मोटारसायकल गाडीच्या दाराला घासून गेली. घरी येऊन बाबांनी आजकालची पोरं कशी आंधळ्यासारखी गाड्या चालवतात यावर आम्हाला बराच वेळ ऐकवलं. आम्ही मान डोलवत जेवलो.

त्यानंतरच्या सर्व्हिसिंगची गोष्ट. गाडी आणून लावली तेव्हा मला पेपर तपासायचे होते. बाबांनी बाहेरून आवाज दिला, "बाई, गेज कोरडी हाय. यायनं ऑइल टाकलंच नाई."

मी उठूनसुद्धा बघितलं नाही. बाबा कोरडी म्हणतात म्हणजे कोरडी. मी शोरूमला फोन लावला, त्यांनी ऑइल बरोबर टाकल्याचं सांगितलं, मी त्यांना दोन गोष्टी सुनावल्या. तोवर बाबा बसस्टँडवरून ऑइलचा डबा घेऊन आले आणि भांडून झाल्यावर माणसाला येतो तसल्या उत्साहाने त्यांनी त्यातलं अर्धं इंजिनात ओतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेज काढली. परत कोरडी. "इंजिन ऑइल पिऊन राह्यलं," असं म्हणून उरलेलंही ओतलं.

त्याच सकाळी शाळेत जाताना कारंजाच्या अलीकडे मागचा ट्रकवाला हॉर्न वाजवून हात दाखवायला लागला. आरशात बघितलं तर माझ्या गाडीमागे पांढरट निळा धूर. शाळेत कळवलं आणि धुरासकट तशीच शोरूमला गेले. गाडी तशी पुढे चालवायला नको होती हे नंतर कळलं, पण तेव्हा मी रागात होते. रिसेप्शनच्या काचेच्या दारातूनच माझा आवाज आत गेला असणार, कारण कोणी बसा म्हणायच्या आत सर्व्हिसवाले साहेब बाहेर आले.

त्यांनी माझ्यासमोर गेज काढली. ऑइल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं.

"मॅडम, वरून कोणी ऑइल टाकलं का?"

"माझ्या वडिलांनी. तुम्ही टाकलं नव्हतं म्हणून."

"त्यांनी गेज बघितली होती?"

"त्यांनी जन्मभर तेच केलंय."

साहेब वाद घालणाऱ्यातले नव्हते. म्हणाले, ऑइल जुनं झालं की काळं पडतं, मग गेजवर कोणालाही दिसतं. नवं ऑइल पाण्यासारखं स्वच्छ असतं, चांगल्या नजरेलासुद्धा पट्टी तिरपी करून बघावं लागतं. मग जरा थांबून त्यांनी विचारलं, "वडिलांना दिसतं ना नीट?"

मी त्यांना स्वतःचं काम बघा असं काहीसं बोलले. त्यांनी जास्तीचं ऑइल काढून दिलं. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात त्या माणसाशी भांडत होते, कारण तो विनाकारण माझ्या बापाच्या डोळ्यांवर गेला होता.

बाबा वाटच बघत होते. मी काही सांगायच्या आत त्यांनी बोनट उघडलं. या वेळी मी शेजारी उभी राहिले. त्यांनी गेज उपसली, पुसली, घातली, परत उपसली आणि ऊन पडलं होतं त्या बाजूला धरली. दोन खुणांच्या बरोबर मध्ये ऑइल होतं. उन्हात चमकत होतं. टोकाला एक थेंब जमला आणि त्यांच्या पायावर पडला.

"पाह्य," बाबा म्हणाले, "कोरडी."

मला आधी वाटलं, चेष्टा करताहेत. "बाबा, नीट पाहा."

"पाहूनच राह्यलो ना. काई नाई हाय इच्यावर." त्यांनी गेज नाकापर्यंत आणली, डोळे बारीक केले, मान एकीकडे, मग दुसरीकडे वळवली. मी त्यांचा हात धरला आणि बोट गेजच्या टोकावर टेकवलं. त्यांनी बोट आणि अंगठा एकमेकांवर चोळला. वास घेतला. परत चोळला.

त्यांचा चेहरा त्या वेळी कसा झाला हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आईलासुद्धा नाही. इथेही मला ते जमेल असं वाटत नाही. एवढंच सांगते, की त्यांना गेज परत आत घालायची होती आणि तिचं भोक सापडत नव्हतं. पट्टीचं टोक कधी पाइपवर, कधी वायरवर अडकत होतं. ज्या माणसाला मी जीपच्या इंजिनात अंधारात हात घालताना बघितलं होतं, त्याचा हात मी धरला आणि नेमक्या जागी नेला. बोनट लावून झाल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "म्या किती टाकलं वं ऑइल?"

"जास्त नाही," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांना अकोल्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. जाताना बाबा जरा खुशीत होते. मोतिया आता पुरता पिकला असणार, ऑपरेशन होईल, हिरवी पट्टी बांधतील, मग दिवाळीपर्यंत सगळं पहिल्यासारखं. आईने ऑपरेशनसाठी म्हणून वेगळी चादर घेतली होती. डॉक्टरने डोळ्यांत थेंब टाकून बसवून ठेवलं, मशीनपुढे हनुवटी टेकवायला लावली, बराच वेळ तपासलं. मग सांगितलं की मोतिया आहे, पण थोडासा. खरा आजार काचबिंदू. डोळ्याच्या आतल्या दाबाने मागची नस वाळत गेली आहे, आणि हे काही वर्षं चाललेलं आहे. गेली ती नजर परत येत नाही. उरली ती टिकावी म्हणून रोज थेंब टाकायचे. उरलेली किती, ते विचारायचं धाडस आम्हाला झालं नाही, तरी त्यांनी सांगितलं. फार कमी.

"तीन वर्षांपूर्वी आला असता तर," असं ते बोलायला लागले आणि आमच्याकडे बघून थांबले.

"आमी पिकायची वाट पाहून राह्यलो होतो," आई म्हणाली. तिला वाटलं, डॉक्टरला आमची अडचण समजेल. आत पिकत काहीच नव्हतं, वाळत होतं, आणि आम्ही तिघंही शहाण्यासारखे वाट बघत बसलो होतो. परतताना मागच्या सीटवर आईच्या मांडीवर ती चादर घडी न मोडता होती. बाबा माझ्या शेजारी बसले होते. मी मुद्दाम क्लच गचक्याने सोडला. ते काही बोलले नाहीत.

गाडीची चावी त्यांनी कधी परत मागितली नाही. रविवारी गाडी धूळ खात राहायची, मग मीच धुवायला लागले. सकाळ-संध्याकाळ आई त्यांच्या डोळ्यांत थेंब टाकते आणि ते लहान मुलासारखे मान वर करून बसतात. मला ते बघवत नाही, म्हणून मी त्या वेळी स्वयंपाकघरात काहीतरी काम काढते. त्यांना दिसत नाही यापेक्षा ते आता भांडत नाहीत, याने मला जास्त रडू येतं.

काही महिन्यांनी परत सर्व्हिसिंग झालं. गाडी ओट्यासमोर आणून लावली. बाबा ओट्यावर बसले होते. बोनट मी जरा आवाज करतच उघडलं.

"बाबा, या. गेज पाहू."

"पाह्य तूच."

मी गेज उपसली, पुसली, घातली, परत उपसली, तिरपी करून उन्हात धरली. ऑइल वरच्या खुणेला लागून होतं, बरोबर जिथे असायला हवं तिथे. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, गेज कोरडी हाय. शोरूमवाल्यायनं ऑइल टाकलंच नाई."

मला शिव्या ऐकायच्या होत्या. त्यांनी उठावं, चप्पल शोधावी, मला बाजूला सारावं, तू काय पाहशील म्हणून माझ्या हातातून गेज हिसकावून घ्यावी, असं मला फार वाटत होतं. आतून आई दारापर्यंत आली. बाबांनी तोंड माझ्या आवाजाकडे वळवलं, पण मी होते त्याच्या थोडं बाजूला.

"असंन," ते म्हणाले. "तुले दिसून राह्यलं ना. टाकून घे मंग."

मी गेज परत आत घातली. "नाई बाबा, खोटं बोलली मी. ऑइल बरोबर हाय."

त्यावरही ते तेवढ्याच शांतपणे म्हणाले, "बरं."