दुपारी तीनला बंद पडणारं मशीन

ऑफिसात सगळे त्यांना कुलूपकाका म्हणत. पाणी प्यायला उठले तरी ड्रॉवरला कुलूप. कापड रंगवायच्या मशीनचा प्रोग्राम बावीस वर्षं त्यांनी एकट्याने सांभाळला होता.

रंगाची कृती जरा बदलली की अख्खा प्रोग्राम नव्याने बांधून गिरणीत पाठवावा लागे. आठवडा जाई. शेवटी साहेब म्हणाले, "प्रोग्रामच्या आत स्क्रिप्ट, म्हणजे बाहेरून लिहिलेल्या छोट्या सूचना, चालवणारं एखादं छोटं इंजिन बसवा. कृती गिरणीवाले स्वतःच लिहितील."

"म्हणजे परक्या माणसाचा कोड माझ्या प्रोग्राममध्ये?"

"हो."

काकांनी नाक मुरडलं, पण इंजिन बसवलं. स्क्रिप्टला दोनच गोष्टींची मुभा दिली: हौदाचं तापमान विचारणं आणि हीटर चालू-बंद करणं. फाइलींना हात लावायचा नाही, नेटवर्क तर नाहीच.

तिसऱ्या आठवड्यात मशीन रोज दुपारी तीनच्या सुमारास बंद पडू लागलं. काका बायकोला म्हणाले, "गिरणीत कृती लिहिणाऱ्या त्या रंगारीणबाईंनी काहीतरी घुसडलंय."

"बघितलंत का?"

"बघायला कशाला हवं?"

तरी गिरणीत गेले. रंगारीणबाई साठीच्या, हात कोपरापर्यंत निळे. त्यांनी ओळखलंच. "माझ्यावर संशय आहे ना? मग बसा इथंच."

स्क्रिप्ट चौदा ओळींची होती. काकांनी ती चारदा वाचली, प्रत्येक वेळी खोट सापडेल या आशेने. सापडली नाही. मग त्यांनी मशीनची मेमरी बघायला घेतली. आकडा सकाळपासून चढतच होता. स्क्रिप्टने तापमान विचारलं की उत्तर ठेवायला इंजिनात एक जागा अडायची. काम झाल्यावर ती मोकळी करायची ओळ काकांनी लिहिलीच नव्हती. तीन वाजेपर्यंत सगळ्या जागा भरायच्या आणि मशीन मान टाकायचं.

काकांचे कान तापले. "बाई, चूक माझी आहे. तुमची कृती चोख आहे."

"मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "पण तुमचं तोंड बघून बोलले नाही."

एका ओळीने काम झालं. दुसऱ्या दिवशी मशीन संध्याकाळपर्यंत चाललं. बाईंनी ओल्या कापडाचा तुकडा परवाच्या तुकड्याशेजारी उजेडात धरला. "परवाच्या निळ्याशी जुळतो ना?"

काकांनी डोळे बारीक करून दोन्ही तुकडे पाहिले. त्यांना काहीच कळेना. "तुम्ही म्हणाल तसं," ते म्हणाले, आणि तपासणीच्या कागदावर सही केली.